सहावा चार्जर

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. पुष्कर माझा सख्खा मावसभाऊ. इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला आयटीत आहे, आणि थापा मारण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नाही.

गेल्या जानेवारीतला, संक्रांतीनंतरचा रविवार. संध्याकाळचे पाच.

लेस्टरला मित्राकडे जेवण करून पुष्कर आणि त्याचे बाबा परत निघाले होते. बाबा नागपूरहून दोन महिन्यांसाठी आलेले. वय चौऱ्याहत्तर, त्यात दमा. मांडीवर तिळाच्या वड्यांचा स्टीलचा डबा, डोक्याला माकडटोपी, गळ्यात तपकिरी मफलर.

बाहेर उणे पाच.

उन्हाळ्यात आरामात घरी पोचवणारी इलेक्ट्रिक गाडी थंडीने निम्म्या रस्त्यातच दहा टक्क्यांवर आली. मग आपल्या हुशाराने काय करावं? चार्ज वाचवायला हीटर बंद केला.

बाबांच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायला लागली.

अ‍ॅपने दाखवलं, तीन मैलांवर सहा फास्ट चार्जर, पाच मोकळे. पुष्करच्या जिवात जीव आला. मोटरवे सोडून तो तिथे गेला. रिटेल पार्कच्या मागची जागा. रविवार, त्यामुळे दुकानं चारलाच बंद झालेली. चिटपाखरू नाही. बसायला साधा आडोसा नाही.

पहिल्या चार्जरचा स्क्रीन काळा.

दुसऱ्याची केबल थंडीने इतकी ताठ झालेली की गाडीपर्यंत वाकेचना. तिसरा 'प्लीज वेट' म्हणाला आणि म्हणतच राहिला. चौथ्याने कार्ड घेतलं, दोन मिनिटं विचार केला आणि 'एरर' दाखवली. पाचव्याला चिकटपट्टी गुंडाळलेली.

आणि अ‍ॅपमध्ये हे पाचही मोकळे! पुष्करला त्या अ‍ॅपवाल्यांना तिथे बनियनवर उभं करावंसं वाटलं.

राहिला सहावा. अगदी टोकाला, दिव्यापासून लांब. अ‍ॅप म्हणत होतं, 'वापरात, नऊ टक्के'.

पुष्कर बघायला गेला, तर तिथे गाडीच नव्हती.

केबल जमिनीवर पडलेली. आजूबाजूला सगळीकडे पांढरं दव गोठलेलं... फक्त एका गाडीएवढी जागा कोरडी, काळी.

त्याने हेल्पलाइनला फोन लावला. बावीस मिनिटं संगीत ऐकलं. बोटं बधिर झाली. शेवटी एक बाई बोलली.

"सर, बाकीचे पाच थंडीने बंद पडलेत. सहावा चालू आहे."

"मग तो रीसेट करा. इथे कोणी नाहीये."

"गाडी लागलेली आहे, सर. त्या मॅडमनी प्लग काढल्याशिवाय मला काही करता येत नाही."

"कोण मॅडम? मी इथेच उभा आहे. जागा रिकामी आहे!"

पलीकडे कीबोर्ड वाजला.

"सर, त्यांचाही कॉल दुसऱ्या लाइनवर आहे. त्या म्हणतायत, एक आजोबा त्यांच्याशी बोलतायत."

पुष्करने वळून पाहिलं. त्याच्या गाडीचं दार उघडं होतं. आत बाबा नव्हते.

तो धावत सुटला, हाका मारल्या. पार्किंगला पूर्ण फेरी घातली. परत आला तर बाबा सहाव्या चार्जरकडून सावकाश चालत येत होते. हातात डबा नाही. गळ्यात मफलर नाही.

"कुठे गेला होतात तुम्ही? काही कळतं का, बाबा? मरायचंय का या थंडीत?"

असं तो बाबांशी उभ्या आयुष्यात बोलला नव्हता. अजून त्याला ते खातं.

बाबा धापा टाकत म्हणाले, "अरे, ती मुलगी गारठलीये बिचारी. मराठीच आहे. संक्रांतीची वडी दिली, मफलर दिला. म्हणाली, काका, तुम्हाला फार धाप लागलीये, माझा नंबर तुम्ही घ्या. मी थांबते."

"कोण मुलगी?"

"ती काय, गाडीत बसलीये."

बाबांनी बोट दाखवलं. तिथे कोणी नव्हतं.

पण सहाव्याचा स्क्रीन हिरवा झाला होता.

पुष्करने विचार केला नाही. त्या कोरड्या जागेत गाडी लावली, केबल जोडली. ती एकटीच मऊ होती... नुकतीच हातातून सोडल्यासारखी. चार्जिंग सुरू झालं. हीटर लावला. अर्ध्या तासात बाबांच्या छातीतली शिट्टी थांबली.

घरी पोचल्यावर मागच्या सीटवर डबा दिसला.

गाडी वाटेत कुठे थांबली नव्हती. डबा स्वच्छ धुतलेला. आत मूठभर साखर.

पुष्करने झाकण लावून पुन्हा उघडून पाहिलं. बाबांना मात्र नवल वाटलं नाही. "रिकामा डबा कोणी परत देतं का? चांगल्या घरची आहे पोरगी."

मफलर परत आला नाही.

पुष्करने कंपनीला तक्रार केली, पाचही बंद चार्जरची. उत्तर तीन आठवड्यांनी आलं. गैरसोयीबद्दल दिलगिरी वगैरे. आणि खाली एक ओळ. त्या संध्याकाळी सहाव्या चार्जरवर तुमच्या गाडीची नोंद नाही. तिथे आधीपासून दुसरी गाडी लागलेली होती, ती अजून लागलेली आहे.

मी त्याला म्हटलं, ते अ‍ॅप आधी काढून टाक. ऐकत नाही. तो त्या रस्त्याने जातही नाही, पण अ‍ॅप काढत नाही.

कारण बाबा आता नागपूरला असतात, आणि दर रविवारी त्यांचा फोन येतो. तब्येतीचं, हवेचं बोलून झालं की ते विचारतात.

"त्या पोरीचा नंबर लागला का रे?"

पुष्कर अ‍ॅप उघडतो. सहावा चार्जर. वापरात. नऊ टक्के.

"नाही बाबा," तो म्हणतो. "अजून नाही."