कापलेल्या तारेचा पंखा

खोटं वाटलं तर वाटू दे. त्या गाडीत माझी लेक दुन्या होती. कुणाला पटवत बसण्याइतकी शांत मी अजून झालेले नाही.

रात्र नव्हती. ऑगस्टमधली भर दुपार होती. पोदगोरित्साहून कोलाशिनला चढणारा, मोराचा नावाच्या नदीच्या दरीतला रस्ता. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल नदी, आणि एकामागून एक बोगदे.

दुन्या आत्ता शेजारी झोपलीय. ती उठायच्या आत लिहून टाकते.

गाडी माझ्या सासऱ्यांची. वुकोसाव बाबांची. त्या दिवशी ते जाऊन चाळिसावा दिवस होता. तोवर जीव घराभोवती घुटमळतो, असं आमच्यात म्हणतात. चाळिसाव्याला कबरीवर जेवण न्यायचं आणि निरोप द्यायचा.

नवरा जर्मनीत कामाला. गाडी चालवत होता धाकटा दीर वेसेलिन. पुढे सासूबाई. मागे मी, मांडीवर पाच महिन्यांची दुन्या, आणि पलीकडच्या सीटवर गोड गव्हाचं पातेलं नि घरच्या दारूची बाटली.

बाबा मेकॅनिक होते. या गाडीचं इंजिन निववणारा विजेचा पंखा त्यांनी स्वतः बसवला होता. पाणी तापलं की पंखा आपोआप सुरू, निवलं की बंद. त्याला कुणी हात लावला तर हातातला पाना भिरकावायचे.

आणि त्यांना पुरून आठवडा होत नाही तोच वेसेलिनने इंजिनातलं पाणी अडवणारा-सोडणारा थर्मोस्टॅट काढून फेकला. पंख्याची तार कापली. डॅशबोर्डवर एक बटण ठोकलं. आमच्याकडे निम्मं गाव हेच करतं.

“उन्हाळ्यात थर्मोस्टॅट म्हणजे घशात बूच, वहिनी. आता पंखा माझ्या बोटावर चालतो.”

“आणि बोट विसरलं तर?”

“मी काय म्हातारा झालोय?”

विसरला.

चाळिसाव्याला कोणत्या चुलत्याला बोलावलं नाही, यावरून तो सासूबाईंशी भांडत होता. चढ वाढत होता. काचा बंद.

“आई, काच जरा खाली करू द्या. पोरगी भिजलीय घामाने.”

“वाऱ्याचा झोत लागेल तिला! माझी बहीण अशीच गेली.”

त्यांची बहीण ऐंशीव्या वर्षी गेली. पण वाऱ्याच्या झोतावर आमच्याकडे वाद घालायचा नसतो.

मग वास आला... तापलेला, गोडसर.

इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर होता.

वेसेलिनने बटण दाबलं... काही नाही. पुन्हा दाबलं... काही नाही. त्याने जोडलेली तार कुठेतरी निसटली होती.

“थांबव गाडी!”

“कुठे थांबवू? बोगद्यात? मागे ट्रक आहे, वहिनी!”

आणि त्या गाढवाने हीटर लावला. पूर्ण. ऑगस्टमध्ये. म्हणे इंजिनाची उष्णता आत ओढली की इंजिन निवतं. भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ आली.

दुन्या किंचाळून रडत होती.

मग ती रडायची थांबली...

मान लटकली. डोळे अर्धवट उघडे. मी हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या. काही नाही.

माझ्या बाजूच्या काचेचं हँडल तुटलेलं होतं. मी पातेल्यावरून पलीकडच्या हँडलकडे झेपावले.

माझा हात पोचलाच नव्हता...

हँडल फिरत होतं.

सावकाश नाही. रागाने. गरागरा. काच खाली गेली आणि वारा आत घुसला.

सासूबाई मागे न बघता खेकसल्या, “वुकोसाव, लाव ती काच! मूल आहे गाडीत!”

आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.



मग बोनेटखालून आवाज आला. टक्...

घर्रर्रर्र...

पंखा.

काटा खाली यायला लागला. बोगदा संपल्यावर झऱ्यापाशी जागा होती. वेसेलिनने गाडी आत घातली, किल्ली काढली. मी धावत जाऊन दुन्याला पाण्याखाली धरलं. डोकं, छाती, पावलं. तिने एक आचका दिला आणि टाहो फोडला. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

मग मी परत गेले आणि वेसेलिनच्या थोबाडीत मारली. त्याला ती जाणवलीसुद्धा नाही. तो बोनेट उघडून बघत उभा होता.

तार लोंबकळत होती. तिचं टोक कशालाच लागलेलं नव्हतं.

पंखा फिरत होता.

“किल्ली माझ्या हातात आहे, वहिनी...”

पाणी निवल्यावर तो आपोआप बंद पडला. बाबांनी लावून दिला होता तसाच.

कबरीवर आम्ही गहू ठेवला, दारू ओतली, निरोप दिला. सासूबाई मातीकडे बघून पुटपुटल्या, “आता जा. खूप झालं.” दुसऱ्याच दिवशी वेसेलिनने नवा थर्मोस्टॅट आणला, पंखा पुन्हा होता तसा जोडला.

मला वाटलं, संपलं.

जानेवारीत अंगणात बर्फ होतं. गाडी रात्रभर उभी होती. डॉक्टरकडे जायचं म्हणून मी झोपलेल्या दुन्याला गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. वेसेलिन काचेवरचं बर्फ खरवडत होता. म्हणाला, “ही विकून टाकू या, वहिनी. निक्शिच शहरातला एकजण विचारत होता.”

टक्...

घर्रर्रर्र...

मी बोनेट उघडून रेडिएटरला हात लावला. बर्फासारखा गार.

वेसेलिन पांढराफटक. “मी फक्त म्हणालो... विकू या...”

मला भीती वाटायला हवी होती. पण डोकंच फिरलं. ज्याने माझी लेक वाचवली त्याच्यावर. मेल्यावरसुद्धा हट्ट सुटत नाही? मी बोनेट धाडकन आपटलं.

“बाबा, पुरे! पोरगी झोपलीय!”

पंखा थांबला.

लगेच.

गाडी अजून अंगणात आहे. विकायचं नाव कुणी काढत नाही. त्या दिवशी पंखा लागला, याची मला तितकी भीती वाटत नाही.

तो माझं ऐकून थांबला, याची वाटते.