सोनटक्क्याचा चौथा तुकडा

गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला त्याच्या पुढच्या वैशाखातली गोष्ट. धामापुरात भगवती देवीच्या देवळात कीर्तन होतं, आणि बुवांच्या हाराला तुळस मागायला त्यांचा तबलजी, कुडाळचा लवू, भिकाजींच्या घरामागच्या परड्यात आला.

भिकाजींची लेक सत्यवती तुळस खुडू लागली. तो मात्र विहिरीकडचं सोनटक्क्याचं बेट बघत राहिला.

"फुलता काय गो ह्यो?"

"दोन वर्सां नाय..." आईच्या आठवणीने ती हळूच म्हणाली. "आवशीन लावलेलो. आवस गेली, आणि..."

"गड्डे दाटलेहत. खणून फोडूक होयेत."

"नको!" तिच्या हातातली तुळस सांडली. "मेलो तर? आवशीचा तेवढाच रवला हा माका."

"डोळो राखून कापलो तर मरना नाय."

"तबलजीक काय कळता झाडातला?"

"थाप खंय मारूची आणि खंय नाय, ता कळता!"

शेवटी ती कबूल झाली. कोयता चालला तेव्हा सत्यवती डोळे घट्ट मिटून देवीचं नाव घेत होती. आल्यासारखा ओला, तिखट वास सुटला. चार तुकडे झाले, प्रत्येकाला एकेक कोंब. तीन त्याने तिथेच लावले; चौथा पंच्यात बांधला.

"तुझे मेले, तर माझो तो तुझो."

आणि त्याने तिच्याकडे असं काही बघितलं, की तिला वेगळंच भय वाटू लागलं.

मग काय! मूळ धरलं का, म्हणून ती रोज सकाळी माती उकरून बघायची. रोज! आषाढात तिन्ही तुकडे कुजले. आता तो आला तर काय सांगायचं? आणि... न आला तर?

नवरात्रात तेच बुवा आले. दुपारचं कीर्तन. पूर्वरंग संपला आणि बुवांच्या गळ्यात हार पडला – तुळशीचा, मधे मधे सोनटक्क्याची पांढरीशुभ्र फुलं ओवलेला! सभामंडपभर घमघमाट. बायकांत बसलेल्या सत्यवतीने हात जोडले. आई भगवती, ऐकलंस गो माझं!

कीर्तन आटोपल्यावर दीपमाळेपाशी लवू उभा होता. हातात पत्र्याचा डबा, डब्यात त्या चौथ्या तुकड्याला फुटलेला हिरवागार कोंब.

"तुझे खंय?"

"मेले..." तिची मान खाली गेली. "भय वाटला. रोज उकरून बघलंय."

तो रागावला नाही. हसला. "अगो, मूळ धरूक येळ लागता. मी नाय पाच म्हयने गप रवलंय?" मग घुटमळत म्हणाला, "भिकाजीकाकांक... विचारू? काय आणखी थोडे दिस जावंदेत?"

तबल्यावर कधी न चुकणारी बोटं डब्यावर बेताल वाजत होती. हाही भ्यालाय! तिला एकदम हसू फुटलं.

"विचारा," ती म्हणाली. "पण आजच. उद्यावर ठेवलात, तर मी परत उकरून बघतलंय!"