राखणदाराच्या वहाणा

डोंगर चढायला आलेल्या शहरी पाहुण्याला थोडी भीती घातली की तो पुढच्या वर्षी चार जणांना घेऊन येतो. हे मी, इब्रामपूरचा बाबली, अनुभवाने सांगतो. आधी डिचोलीला खनिजाचे ट्रक चालवायचो. खाणी बंद पडल्या, तशा घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या. सकाळी डोंगर, दुपारी सोलकढी, रात्री देवळाकडे दशावतारी नाटक.

डोंगरमाथ्यावर राखणदाराचा दगड आहे. तो रात्रभर काठी घेऊन गावाची राखण करतो, चुकलेल्याला वाटेला लावतो, म्हणून लोक त्याला कोऱ्या वहाणा वाहतात. पाहुण्यांना वर न्यायच्या आदल्या दिवशी मी त्या कोऱ्या उचलायचो आणि माझ्या झिजलेल्या तिथे ठेवायचो. पाहुण्यांना तळ उलटून दाखवायचा, "बघा, चालून चालून काय झालंय." सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे.

कोऱ्या मीच वापरायचो. ट्रकचा जॅक पडून माझ्या डाव्या पायाचं बोट वाकडं झालंय, म्हणून तेवढी एक चीर पाडायची, की झालं.

हे फक्त टेंपोवाल्या गोकुळदासला ठाऊक. "मेल्या, त्याच्या वहाणा तू घालतस," तो म्हणायचा, "मगे राखण कोण करतलो?"

"तू कर. तुझं पोट तरी कमी होईल."

परवा पुण्याची श्रद्धा आणि तिची मंडळी घेऊन वर गेलो. दगडापाशी माझ्या झिजलेल्या वहाणा नव्हत्या. कोऱ्या होत्या. डाव्या वहाणेला, बरोबर बोटाच्या जागी, चीर.

गोकुळदासच, दुसरं कोण? उतरल्यावर त्याला गाठला.

"बरी जमवलीस."

"काय जमवलंय?"

सांगितलं. तो हसला नाही. "घातलंस?"

"नाही. तिथेच ठेवल्या."

"बरा केलंस," म्हणाला आणि टेंपोत जाऊन बसला. नाटक छान वठवतो मेला, असं मी मनात म्हटलं. तरी त्या रात्री पाहुण्यांबरोबर देवळाकडे गेलो नाही. जेवलो आणि झोपलो.

सकाळी श्रद्धा पाव मोडत म्हणाली, "थँक्यू काका. काल नाटकाहून येताना आम्ही वाट चुकलो होतो. तुम्ही पुढे दिसलात म्हणून पोचलो. पण एवढ्या हाका मारल्या, एकदाही वळला नाहीत."

"माझी गंमत करता?"

"काठी आपटत चालला होता की."

गोकुळदासने हिलाही पढवलीय. मी हसत हसत दारात गेलो.

उंबऱ्याबाहेर चीर पाडलेल्या वहाणा होत्या. लाल चिखलाने भरलेल्या. उलटून बघितल्या. तळ झिजून पार कागद झालेला.

माझ्या पायांना तीच माती होती.

बायको, कमलाक्षी, अंगण झाडत होती. मी विचारलं, "काल रात्री मी कुठे गेलो होतो?"

तिने केरसुणी थांबवली नाही.

"माका काय ठावक? तुमी रोज पहाटेकच येतास. म्हणान मी दाराक कडी लावणंय नाय."