एकदाच विचारायचं

माणिकबाईंचं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. गणपती गेले, दसरा गेला, कंदील लागले आणि उतरलेही. मी उत्तर दिलं नाही. पत्र चष्म्याच्या घराखाली ठेवलेलं. सकाळी चष्मा उचलला की ते दिसायचं... आणि मी चष्मा लावून वर्तमानपत्र वाचायला घ्यायचो.

पण आमची ओळख कशी झाली ते आधी सांगायला हवं.

मी मधुकर. अंधेरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लग्नाचं राहूनच गेलं, एकटा राहतो. जोगेश्वरीच्या एका शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं, म्हणून गेलो आणि चुकीच्या वर्गात शिरलो. बाकांवर दांडगी पोरं बसलेली. मधोमध एक बाई – आखूड पांढरे केस, गळ्यात शिट्टी, साडीखाली कॅनव्हासचे बूट.

"या! शिव्या देता येतात?" त्यांनी विचारलं.

"मला... डोळ्यांचं..."

"डोळे वरच्या मजल्यावर. आधी पाच मिनिटं द्या. ह्या निहारला जरा शिव्या द्यायच्यात. मी दिल्या की हा हसतो."

पाच मिनिटं कसली, मला एक वाक्य जुळवायलाच तेवढा वेळ लागला. मग मी त्या धिप्पाड पोराकडे बघून म्हणालो, "आपण... आपण अत्यंत बेजबाबदार गृहस्थ आहात."

वर्ग हसून फुटला. निहार पोट धरून खालीच बसला. "सर, परत बोला ना! गृहस्थ!"

बाई हसल्या नाहीत. फक्त त्यांचे डोळे हसले. "पुढच्या रविवारी तयारी करून या," त्या म्हणाल्या.

आणि मी गेलो. मला कोणी 'या' म्हणून फार वर्षं झाली होती.

आदल्या वर्षी वस्तीतल्या दोन गोविंदा पथकांची पोरं काठ्या घेऊन एकमेकांवर धावली होती. एकाचा डोळा जाता जाता वाचला. माणिकबाई वेसावे कोळीवाड्यातल्या, आयुष्यभर शाळेत पीटी शिकवलेल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन्ही पथकांची पोरं एका वर्गात बसवली. एकाने शिवी द्यायची, ढकलायचं. दुसऱ्याने हात उघडे ठेवायचे, सरळ बोलायचं, नाहीतर सरळ निघून जायचं. हेच पुन्हा पुन्हा, अंगवळणी पडेपर्यंत.

मी त्यांचा रविवारचा गुंड झालो.

"अहो, पुस्तक फळीवर ठेवल्यासारखा हात काय ठेवताय? ढकला!" म्हणत बाईंनी माझं मनगट धरलं आणि माझा तळवा निहारच्या खांद्यावर आपटला. मनगट सोडायला त्यांना जरा उशीर झाला... किंवा मला तसं वाटलं. मला अशा बाबतीत काहीच कळत नाही.

वर्ग सुटला की आम्ही कोपऱ्यावर चहा घ्यायचो.

"तुम्हाला राग येतच नाही का हो?"

"येतो. पण त्याला शब्द सापडेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो."

बाई एवढ्या हसल्या की चहा बुटावर सांडला. "माझं उलट. आधी शब्द सुटतात, मग मी त्यांना पकडायला धावते. आपण दोघं मिळून एक बरा माणूस होऊ, मधुकरराव."

मी कपात बघत राहिलो. घरी गेल्यावर मला सुचलं की इथे काहीतरी बोलायला हवं होतं.

एका रविवारी विषय निघाला नकाराचा.

"निम्म्या मारामाऱ्या कशावरून होतात?" बाईंनी विचारलं.

"पोरीवरून!" वर्ग एका सुरात ओरडला.

"लग्नाच्या पंगतीत तुम्ही जिलबीला नको म्हणता. मग काय होतं?"

"अजून दोन टाकतात!"

"तेच. जिलबीचं ठीक आहे. माणसाला आग्रह नाही. एकदाच विचारायचं. नाही म्हणाली – नाही. गप्प राहिली – तेही नाहीच. तिच्या बिल्डिंगखाली उभं राहायचं नाही, मित्रांना पाठवायचं नाही. 'ठीक आहे' म्हणायचं आणि निघायचं. थांबा, आम्ही करून दाखवतो. मी मुलगी, सर मुलगा."

शिट्ट्या. टाळ्या. माझे कान तापले.

"विचारा, सर."

"माझ्याबरोबर... चहा घ्याल का?"

आता त्यांनी नाही म्हणायचं होतं. मी 'ठीक आहे' जिभेवर घेऊन उभा होतो. बाई माझ्याकडे बघत राहिल्या... बघत राहिल्या...

"हो," त्या म्हणाल्या.

"बाई, फाउल!" निहार ओरडला. बाईंनी काही कारण नसताना जोरात शिट्टी फुंकली.

त्याच आठवड्यात पत्र आलं.

'मधुकरराव, रविवारी नाही म्हणायचं होतं, जमलं नाही. तेव्हा खरं काय ते विचारते. पुढचे दिवस तुमच्या सोबतीने काढायला मला आवडेल. तुम्हाला आवडेल का? फोनवर विचारलं तर घाबरून काहीतरी बोलाल, म्हणून पत्र. नाही असलं तरी चालेल. – माणिक.'

मी उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. मग खिडकी लावून घेतली, जणू समोरच्या बिल्डिंगमधून कोणी वाचेल.

आमच्या घरात पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नसे. पाहुण्याने दोनदा 'नको, नको' म्हणायचं, तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप'. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा हावरा. तोच संस्कार माझ्या हाडात. शिवाय मनात शंका – माझ्यासारख्या माणसात ह्या बाईला काय दिसलं असेल? सहज लिहिलं असेल. खरंच हवं असेल तर पुन्हा विचारतील. मग मी हो म्हणेन.

मी वाट बघू लागलो. रविवारी जायला तोंड नव्हतं, म्हणून जाणंही सुटलं. फोन वाजला की बँकेचा असायचा. बेल वाजली की कचरेवाला. रविवार तर संपता संपत नसे. एकदा भांडी घासताना मी कढईला म्हणालो, "आपण अत्यंत बेजबाबदार गृहस्थ आहात." कुणी हसलं नाही.

परवा भाजी घेताना मागून हाक आली. "सर! होतात कुठे?"

निहार.

"तब्येत जरा..."

"तब्येत झकास दिसतेय. खोटं बोलू नका." मग त्याने आवाज खाली आणला. "सर, मी नेत्राला विचारलं. नाही बोलली."

"मग?"

"'ठीक आहे' बोललो. तिथेच बसावंसं वाटलं ना, यार... सॉरी, सर. पण निघालो. घरी जाऊन रडलो. दुसऱ्या दिवशी समोरून आली तर मान खाली न घालता गेलो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग विचारलं, "बाई कधी... माझं नाव काढतात?"

"नाही."

भाजीची पिशवी एकदम जड झाली.

"आम्हीच काढतो. बोललो, बाई, सरांना घरून उचलून आणू का? केवढ्या भडकल्या! म्हणाल्या, खबरदार! सरांना मी एकदा विचारलंय. उत्तर आलं नाही, म्हणजे काय समजायचं? शिकवलंय ना?" तो माझ्याकडे बघू लागला. "काय विचारलं होतं, सर? वर्गाला येणार का म्हणून?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

"आता शिव्या बाईच देतात. पण मजा नाही. पहिल्यासारखा आवाजच लागत नाही त्यांचा."

तो गेला. मी तिथेच उभा. त्या पुन्हा विचारणार नव्हत्या. रागाने नव्हे. मला सोडून दिलं होतं त्यांनी, मोकळेपणाने, जसं पोरांना शिकवलं अगदी तसं. आणि मी घरी बसून तिसऱ्या आग्रहाची वाट बघत होतो.

भाजी तशीच ओट्यावर टाकून मी लिहायला बसलो. मधल्या दिवसांत लिहून न पाठवलेले सगळे मसुदे 'आपले पत्र पावले' असे सुरू झाले होते. ते फाडले.

'माणिकबाई, हो. पहिल्याच दिवशी हो होतं. उशीर भीतीमुळे झाला, नको म्हणून नाही. एवढ्यात तुमचं मन बदललं असेल तर कळवा. मी ठीक आहे म्हणेन आणि तरी शिव्या द्यायला येईन. – मधुकर.'

पोस्टाची पेटी नाक्यावर आहे. पाकीट हातात घेऊन मी तिच्यासमोर उभा राहिलो. वाटलं, एकदा घरी जाऊन पुन्हा वाचावं... 'शिव्या' हा शब्द बरा दिसतो का... एवढ्यात पोस्टमन आला, पेटी उघडून पत्रं पिशवीत भरू लागला. माझ्या हाताकडे त्याने पाहिलं.

"काका, टाकायचंय, की नुसतंच उभं राहायचंय?"

"टाकायचंय," मी म्हणालो, आणि पाकीट त्याच्या पिशवीत सोडलं.