न किडलेली ओळ

उन्हाने जीव नकोसा झाला होता आणि कोबीची पानं तपासून तपासून ताई, चष्मिस आणि बोका या तिघा भावंडांचे हात गळून गेले होते. सुट्टीत मावशीकडे मजा करायचे बेत केव्हाच बारगळले. मावशी कृषी संशोधन केंद्रात अळीला दाद न देणारा कोबी तयार करत होती आणि कित्येक वर्षं तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

तिच्या वाफ्यात एक ओळ मुद्दाम साध्या, नाजूक वाणाची असे. वाफ्यावर फवारणी करायची नाही. ती ओळ अळ्यांनी फस्त केली आणि शेजारचा नवा वाण धड राहिला, तरच तो खरा. पण यंदा त्या ओळीतल्या एकाही पानाला भोक नव्हतं.

"अळ्याच नाहीत, तर मी सिद्ध काय करू? उद्या सगळं उपटून टाकू," असं म्हणून मावशी बांधावर मटकन बसली. तिला इतकं खचलेलं पाहून मुलांना फार वाईट वाटलं.

वाफ्यांची देखभाल करणारे मुकादमकाका म्हणाले, पाखरांनी अळ्या खाल्ल्या असतील. ताईला ते पटेना. तिघं पाय ओढत पुन्हा वाफ्यात गेली. सगळ्यांत धाकट्या बोक्याने तिथेच फतकल मारली, म्हणून त्याला पानांखालची माती दिसली. तिथे मुंग्या आणि ठिपकेवाले ढालकिडे मरून पडले होते.

ताईने ते पानावर गोळा करून काकांपुढे धरले. "काका, अळ्या पाखरांनी खाल्ल्या, मग यांना कुणी मारलं?"

काकांचा चेहरा पडला. केंद्राचे साहेब पाहणीला येणार, त्यांना किडकी ओळ दाखवायची लाज वाटली, म्हणून औषध मारलं, असं ते पुटपुटले. मावशीच्या अंगात रागवायचंही त्राण नव्हतं.

चष्मिसला मात्र एक सुचलं. औषध वरच्या पानांवर पडलं, गड्ड्याच्या आतली पानं कोरीच असणार! कचेरीमागच्या रानमोहरीवर अळ्या होत्याच. मग बरण्या धुणं, दोन्ही वाणांची आतली पानं काढणं, एकेक अळी अलगद सोडणं. कुरकुर सगळ्यांनीच केली. बोका तर टेबलावरच झोपला.

दुसऱ्या दिवशी साध्या वाणाच्या बरण्यांत नुसत्या शिरा उरल्या होत्या. मावशीच्या वाणाची पानं जवळजवळ शाबूत होती आणि उपाशी अळ्या झाकणाकडे सरकत होत्या.

मावशीने एकेक बरणी उजेडाकडे धरून पाहिली. "तुम्ही नसतात, तर आज मी माझ्याच हातांनी हे उपटलं असतं रे," म्हणत तिने तिघांना जवळ घेतलं. तिचे डोळे भरून आले होते.

मग ती मान खाली घालून उभ्या असलेल्या काकांकडे वळली. "साहेबांना बरण्या तुम्हीच दाखवा, काका. आणि आधी किडकी पानं दाखवा."