खिळ्यावरचा नान

विश्वासाने दिलेली वस्तू आणि विश्वासाने घेतलेली वस्तू यांच्यामध्ये एक गोष्ट असते, जी डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे त्या वस्तूचा पूर्वेतिहास. तो सांगणे हे देणाऱ्याचे कर्तव्य होय. आणि ज्या वस्तूवर एखाद्या लेकराचा प्राण विसंबायचा आहे, तिच्याबाबतीत मौन हे असत्याहूनही जड पाप ठरते. कारण असत्याचा निदान प्रतिवाद करता येतो. हे मी कोणाला दोष द्यावा म्हणून लिहीत नाही. ज्याला दोष द्यावा, तो माझ्याच आईचे दूध प्यायलेला आहे.

ओश शहरातून कारा-सू गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पॉपलरच्या रांगेला लागून माझे दुकान आहे. सत्तावीस वर्षे मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. निवृत्त झाल्यावर मोटारींमध्ये लहान मुलांच्या कारसीटा बसवून देऊ लागलो. तेव्हापासून माझे नाव मागे पडले आणि लोक मला ‘उस्ता’, म्हणजे कारागीर, म्हणू लागले. माल आणण्याचे काम माझा दूधभाऊ खोलमत याचे. परदेशातून आलेल्या वापरलेल्या सीटा तो धुतो, त्यांना नवे कापड शिवतो आणि माझ्याकडे पोचवतो.

काम दिसायला सोपे, परंतु त्यात आळसाला क्षमा नाही. तान्ह्या मुलाची सीट मागच्या बाजूला, पाठमोरी बसवायची. तिच्यावर गुडघा रोवून अंगाचा सगळा भार द्यायचा आणि त्याच क्षणी गाडीचा पट्टा ओढून घ्यायचा. मग पट्टा जिथून जातो तिथेच सीट धरून जोराने हलवायची. बोटभर रुंदीहून अधिक सरकली, तर सगळे पहिल्यापासून. शेवटी खांद्यावरचे पट्टे असे आवळायचे की त्यांची घडी चिमटीत सापडू नये. बसवलेल्या प्रत्येक सीटच्या बुडाशी मी हिरव्या शाईने तारीख घालतो.

हलवण्यावरून पहिल्याच वर्षी एका वृद्धेने माझ्या हातावर चापट मारली होती. “रिकामा पाळणा हलवतोस? एवढा शिकलेला माणूस, आणि अक्कल शेजाऱ्याकडे गहाण ठेवलीस काय?” रिकामा पाळणा हलवू नये, त्यात जे यायला नको ते येऊन निजते, हे आमच्याकडे सर्वांनाच ठाऊक आहे. मी वाद घातला नाही. त्या दिवसापासून सीट हलवण्यापूर्वी तिच्यात एक ताजा नान ठेवू लागलो. म्हाताऱ्यांचे समाधान होई, आणि काम झाल्यावर आम्ही तो नान चहाबरोबर खात असू.

एक नान मात्र खाल्लेला नाही. दोन शरद ऋतूंपूर्वी खोलमतच्या गल्लीतले एक तरुण जोडपे सव्वा वर्षाच्या मुलीला घेऊन आले होते. मुलीचे नाव रोबिया. ते राजधानीला, बिश्केकला, निघाले होते. सीटमधला नान मी उचलणार तोच त्या मुलीने दोन्ही हातांनी तो ओढला आणि कडेचा एक लचका तोडला. तिची आई ओशाळली. मी हसून म्हणालो, “असू दे. आता हा तिचाच.” दूर जाणाऱ्याने नानाचा एक घास दातांनी तोडायचा, उरलेला घरात टांगून ठेवायचा आणि परतल्यावर त्यानेच तो संपवायचा, ही आमची रीत. अन्न माणसाला परत ओढून आणते, म्हणतात. मी तो नान दुकानातल्या खिळ्यावर टांगला. कडेला वरच्या चार दुधाच्या दातांच्या चार खाचा होत्या.

मधूनमधून मी खोलमतला विचारी, “रोबियाची माणसं आली का रे?”

“मजेत आहेत तिकडे,” तो म्हणे. “येतील, येतील. नान वाळला तर चहात बुडवून खाईल ती.”

या वसंतात माझी मुलगी मुहय्यो आणि जावई बोतिर बिश्केकला कायमचे राहायला निघाले. त्यांची मुलगी सरविनोज पाच महिन्यांची. शनिवारी पहाटे निघायचे होते; दोन घाटांचा, पूर्ण दिवसाचा प्रवास. गुरुवारी सकाळी खोलमत एक सीट खांद्यावर घेऊन आला.

“घे. नातीला आजोबाची भेट.”

“नातीचा आजोबा मी आहे,” मी म्हणालो.

“अर्धा तू, अर्धा मी. एका पाळण्यात निजलोय आपण. आणि तो ओला करायचा मान कायम तुझा!”

चहा ओतता ओतता माझी पत्नी ओयशा इतकी हसली की चहा बशीत सांडला. सीटवर निळ्या-पांढऱ्या आद्रासचे, म्हणजे आमच्याकडच्या रेशमी-सुती विणीचे, सुंदर कापड होते. खोलमत एरवी कापडाला कडेने इलॅस्टिक लावतो. या वेळी त्याने बुडापर्यंत दुहेरी शिलाई मारली होती. ते माझ्या ध्यानात आले. तरीही लोक स्वतः आणतात त्या सीटची जी तपासणी मी करतो, ती खोलमतच्या मालाची कधीच करत नसे, आणि त्या दिवशीही केली नाही. कापड उतरवून आतला सांगाडा पाहिला नाही. भावाने दिलेल्या वस्तूचे कापड कोण उतरवतो?

तो चहा न घेताच गेला.

बोतिरची गाडी अंगणात, उन्हात उभी होती. मी सीट बसवली, मागची कळ दाबून खांद्याचे पट्टे सर्वांत खालच्या खाचेत आणले आणि आवळले. मग आम्ही सगळे जर्दाळूच्या झाडाखाली बसलो. पाव तासाने पाहिले, तर पट्टे तिसऱ्या खाचेत होते आणि चार बोटे सैल होते.

“कुणी हात लावला?”

“बाबा, सगळे इथेच तर बसलोय,” मुहय्यो म्हणाली. “सरविनोज तर माझ्या मांडीवर आहे.”

कळ झिजली असावी, असे मी मानले. ती उघडली, पुसली, तेल दिले. पट्टे पुन्हा खाली आणले, आवळले, आणि त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो. काही झाले नाही. हात धुण्यासाठी पाठ फिरवली. परत आलो, तेव्हा ते तिसऱ्या खाचेत होते. तीच खाच, तेवढाच सैलपणा. सव्वा वर्षाच्या मुलाला तो अगदी बरोबर झाला असता.

मुहय्योने कापडावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. “ओलं आहे.”

“काकाने धुतलं असेल.”

“पाठीपुरतंच?”

ओल खरोखर पाठीपुरतीच होती. वर लहानसा गोल, खाली त्याहून रुंद. मी बोट नाकाशी नेले. साबणाचा वास नव्हता. वितळलेल्या बर्फाचा, दगडाचा, थंड वास होता. अंगणात त्या वेळी इतके ऊन होते की गाडीचे टप हाताला चटके देत होते.

नान अजून ओयशाच्या दस्तरखानात, जेवणाच्या कापडात, गुंडाळलेला होता. “थांबा, मुहय्योचे बाबा, आणते,” ती म्हणाली. मी थांबलो नाही. सत्तावीस वर्षे मुलांना बल आणि वस्तुमान शिकवलेला माणूस एका भाकरीसाठी किती थांबेल? मी सीट धरली आणि जोर लावला.

कितीही नेटकी बसवली तरी सीट थोडी तरी हलतेच. ही हलली नाही. गाडी चाकांवर डोलली; सीट जागच्या जागी राहिली.

मी हात काढून घेतले.

आणि ती हलू लागली.

हळूहळू, एका लयीत, पाळणा हलतो तशी. मी मोजले. अकरापर्यंत मोजले.

“थांबवा ना ते,” मागून ओयशा अगदी हळू आवाजात म्हणाली.

“मी हात लावलेला नाही.”

मी चाकू आणला आणि दुहेरी शिलाई उसवली. कापडाखालच्या काळ्या प्लास्टिकवर पांढऱ्या रेषांचे जाळे होते. मोठा आघात सोसलेल्या प्लास्टिकवर असे जाळे उमटते, आणि अशी सीट पुन्हा कोणत्याही मुलाखाली ठेवायची नसते, हा आमच्या कामाचा पहिला नियम. सांध्यांमध्ये बारीक राखाडी गाळ भरलेला होता. गाडीचा पट्टा सोडून मी सीट उलटी केली.

बुडाशी हिरव्या शाईत तारीख होती. दोन शरद ऋतूंपूर्वीची. माझ्या अक्षरात.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर खोलमत दुकानात आला. उसवलेले कापड त्याने दारातूनच पाहिले, आणि तिथेच उभा राहिला.

“ही सीट कुठली?” मी विचारले.

“जर्मनीची.”

“जर्मनीत माझं अक्षर कुणी शिकवलं?”

तो खाली बसला. डोक्यावरची दोप्पी काढून गुडघ्यावर ठेवली.

“भंगारात मिळाली,” तो म्हणाला. “त्यांची गाडी वाटेतल्या चिचकानच्या घळीत नदीत गेली. जातानाच. इथून निघाले त्याच दिवशी.”

“आणि मुलगी?”

“सीट जागची हलली नव्हती, उस्ता. पाण्यातसुद्धा नाही. तुझं काम चोख होतं. काढताना लोकांना पट्टे कापावे लागले. नवे पट्टे मी घातले.”

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

“मी तुला दीड वर्ष विचारत होतो. तू सांगत होतास, मजेत आहेत.”

“सांगितलं असतं तर तू पुन्हा सीटला हात लावला असतास? अंथरूण धरलं असतंस. ओळखतो मी तुला.”

“म्हणून माझ्या नातीला तीच दिलीस?”

“विकायला धीर झाला नाही. टाकायलाही झाला नाही.” त्याने प्रथमच माझ्याकडे पाहिले. त्याचे डोळे कोरडे होते. “मला वाटलं, एवढी घट्ट धरणारी सीट दुसरी नाही मिळायची.”

माझ्या आयुष्यात माझ्याशी पुष्कळ जण खोटे बोलले असतील; परंतु इतक्या मायेने मला कोणी फसवले नव्हते. त्याला काय म्हणावे, हे मला तेव्हाही कळले नाही आणि आजही कळत नाही.

“आणखी किती आहेत अशा?” मी विचारले. “माझ्या हातून, लोकांच्या गाड्यांत?”

त्याने मान खाली घातली. “घरं दाखवतो. सगळी दाखवतो. चल म्हणशील तेव्हा.”

“उद्या. ही पोरं निघाली की लगेच.”

मी कात्री घेतली. वाईट सीट कोणी पुन्हा वापरू नये म्हणून तिचे पट्टे कापून टाकायचे असतात. उजवा पट्टा मी कापला. डावा खोलमतने कापला. कमरेचे बक्कल उघडण्यासाठी मी बोट टेकवले, तर ते आधीच उघडलेले होते. ओल वाळली होती. मी सीट उचलली. गुरुवारी ती गाडीत ठेवताना मला दोन्ही हात लागले होते. आता एका हातात आली. आम्ही दोघांनी कुऱ्हाडीने तिचे तुकडे केले.

शनिवारी पहाटे, बाजारातून आणलेली कोरी सीट मी स्वतः गाडीत बसवली. या वेळी आधी नान ठेवला. सीट हलवली, ती थोडीशी, जेवढी हलायला हवी तेवढीच, हलली आणि थांबली. सरविनोजच्या पट्ट्यांची घडी चिमटीत सापडली नाही. मी दोनदा गाडीत बसून, पाव पाव तास वाट पाहून, पुन्हा तपासले. पट्टे होते तिथेच होते.

“बाबा, पुरे आता,” मुहय्यो म्हणाली. “दुपारपर्यंत घाट चढायचा आहे.”

“चढू गं. त्यांना तपासू दे,” बोतिर म्हणाला. त्याला काय झाले ते ठाऊक होते.

मुहय्योने नानाचा एक घास तोडला, बोतिरने एक. सरविनोजला दात नाहीत. ओयशाने नानाची कड तिच्या ओठांना नुसती लावली. तिने ती चाटली आणि हसली. पॉपलरच्या रांगेआड गाडी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिघे रस्त्यावर उभे होतो; खोलमत आमच्यापासून पाच पावले दूर.

मग तो नान टांगायला मी दुकानात आलो. दुकानाला रात्रभर कुलूप होते. किल्ली माझ्या खिशात होती.

रोबियाचा नान खिळ्यावरच होता. दीड वर्षात तो दगडासारखा झाला आहे. त्यावर खिळा ठोकला तर खिळा वाकेल. त्याच्या कडेला, जुन्या चार खाचांच्या शेजारी, आणखी चार खाचा होत्या. तिथे नान मऊ होता. हात लावला तर ओला लागला.

जुन्या खाचांवर मी बोट ठेवले, मग नव्यांवर. रुंदी तीच. दीड वर्षात ते दात वाढले नव्हते.

खोलमत दारात येऊन उभा होता. त्यानेही पाहिले. मी आमचा नवा नान दुसऱ्या खिळ्यावर टांगला आणि दुआसाठी दोन्ही तळहात वर करून उघडले. क्षणभराने त्यानेही उघडले.

जे आज निघाले त्यांचा रस्ता सुखाचा होवो. ज्याने लपवले त्याला प्रत्येक दारात सांगण्याचे बळ मिळो. ज्यांच्या दारात आम्ही जाणार आहोत, त्यांची लेकरे आम्ही पोचेपर्यंत सुखरूप राहोत. आणि जी परत आली आहे, तिला हा नान पुरो.