चतुर उडेपर्यंत

मुर्रीतल्या माझ्या रोपवाटिकेत मधोमध कमळांचं एवढंसं तळं आहे. जवानीत मी दरेकशाच्या रानात घारीएवढ्या पंखांचा चतुर पाहिला होता. चढावर अडलेली मालगाडी त्यानंच मागून ढकलली. ऐकून सगळे हसतात. माझ्याकडे कामाला असलेला हिमांशू मात्र हसला नव्हता.

तो रोज सकाळी तळ्याकाठी पोटावर पडून असायचा. एकदा मोगऱ्याचं रोप न्यायला आलेली रुचि त्याच्या पायाला अडखळली.

"मेला का रे इथं?"

"हळू... चतुर निघून राहिला."

ती वाकली. देठावर चढलेल्या अळीची पाठ उकलत होती. आत ओले, चुरगळलेले पंख... तिची वेणी त्याच्या खांद्यावर आली. त्यानं खांदा हलवला नाही.

"कोणाले पाहून राहिला?"

"चतुराले."

"तो देठावर आहे. इकडे मी आहो."

मग ती रोज एक मोगरा नेऊ लागली. तिच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नसेल.

श्रावणात हिमांशूनं मला विचारलं, "बाबाजी, तिले कसं सांगू?"

माझी जीभ खाजवली. "सांगू नोको. चतुर निघून उडेपर्यंत जो एक शब्द बोलत नाही, त्याच्या मनातली त्यालेच भेटते. मी असंच केलं होतं."

माझं लग्न मामानं ठरवलं होतं.

दुसऱ्या सकाळी रुचि आली, ती रोपासाठी नव्हे.

"कोहमाऱ्याचे पाहुणे मागणी घेऊन घंट्याभरात येऊन राहिले. बाबूजी विचारते, नाही काऊन म्हणतेस? काय सांगू मी?"

देठावरची अळी नुकतीच उकलली होती. हिमांशूनं ओठांवर बोट ठेवलं.

"एक शब्द बोल... मी त्याईले परतवते."

त्याचे डोळे भरले. बोट तिथंच.

मी दहा पावलांवर पाण्याचा पाईप धरून उभा. बोल रे, थाप होती ती— एवढंच म्हणायचं होतं. पण उभ्या जन्मात पहिल्यांदा कोणी माझं खरं मानलं होतं...

ती फाटकाबाहेर गेली तेव्हा त्याचे ओठ जरासे हलले.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. पंख वाळायला तीन तास लागले. चतुर उडाला, तसा हिमांशू धावत सुटला. तिच्या घरी सुपारी फुटली होती.

तिच्या लग्नाच्या सकाळी मी त्याला सांगितलं, "ते मी बनवलं होतं रे."

तो पहिल्यांदा हसला.

"कायले थापा मारता, बाबाजी? माझंच चुकलं. ती गेली तवा तिचं नाव निघालं तोंडातून."

अन् तो पुन्हा तळ्याकाठी पोटावर पडला.